पऱ्हाटीचं गाणं कोणी गायचं?

पोळ्याच्या संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या आखरावर तोरण बांधलं जातं. सजवलेल्या बैलजोड्या रांगेत उभ्या राहतात, वाजंत्री थांबते आणि गर्दीतून कोणीतरी झडती म्हणतो. यमकात बांधलेलं, चढ्या आवाजातलं हे चार-सहा ओळींचं बोलणं कधी महादेवाला आळवतं, कधी सावकाराला चिमटा काढतं, कधी कापसाच्या भावावरून सरकारला धारेवर धरतं. शेवटी सगळ्यांनी एका सुरात महादेवाचा गजर केला की पुढच्याची पाळी. एकाची झडती संपते न संपते तोच दुसरा त्याच्यावर चढ करायला पुढे होतो. ठेका, यमक, टोमणा आणि समोरच्याला निरुत्तर करायची ईर्षा, असं रॅपच्या मैफलीला लागणारं बरंचसं सामान वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या घरचंच आहे.

झडती म्हणणाऱ्याला कोणी सातबारा मागत नाही. तशी गरजच नसते. त्याची जमीन किती, सोसायटीचं किती थकलं, बैल स्वतःचे की मागून आणलेले, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तीन एकर कोरडवाहूवाला भावावरून बोलला तर गर्दी त्याच्या बाजूनं उसळते. तीच झडती उधारीवर बियाणं विकणाऱ्या दुकानदारानं म्हटली तर लोक हसतात, पण ते हसू निराळं असतं. शब्द तेच, ठेका तोच. माणूस बदलला की अर्थ बदलतो. गाणाऱ्याच्या घरादाराचा गाण्याशी संबंध असतो का, या वादाचं निम्मं उत्तर त्या आखरावर मिळतं.

मोबाइलवर मात्र ही ओळखच नसते. उमरखेडच्या एखाद्या पोराला रात्री रीलवर एक रॅपर दिसतो. तो कोण, कुठला, काही माहीत नसतं. तो सांगतो की आपण गल्लीत वाढलो, उपाशी झोपलो, बापाच्या डोक्यावर कर्ज होतं. हे खरं मानायचं की नाही, हे ठरवायला ऐकणाऱ्याजवळ त्या गाण्याशिवाय काही नसतं. मग मुलाखती धुंडाळल्या जातात, जुने फोटो शोधले जातात, घर खरंच चाळीत होतं का हे पाहिलं जातं. रॅपच्या जगात ‘रिअल’ ही पदवी आणि ‘फेक’ ही शिवी झाली ती यातूनच. गावात ओळख जे काम करते, ते इथे गाणाऱ्याच्या पूर्वायुष्याला करावं लागतं.

हा वाद आता मुंबईपुरता राहिलेला नाही. शेजारच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१००आरबीएच’ या नावानं रॅप करतो. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या चमूबरोबर त्यानं काम केलं आणि २०२३मध्ये ‘एमटीव्ही हसल’ या रॅपस्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात तो देशभरात पोहोचला. विदर्भाच्या बोलीचा बाज घेऊन एवढ्या मोठ्या मंचावर उभं राहता येतं, हे त्यामुळे इथल्या पोरांना दिसलं. कापूस, कर्ज, आत्महत्या, वाघ, कोळसा असे गाण्याचे विषय यवतमाळजवळ भरपूर आहेत. ते कोणी गायचे, आणि गाणारा या मातीतला नसेल तर ते गाणं खोटं ठरतं का, हे आज विचारायला हवं. जन्मानं गाणं खरं ठरत नाही. पण रॅपमध्ये ‘मी’ म्हणणारा माणूस एक जबाबदारी घेत असतो आणि ती झटकणाऱ्याला श्रोत्यांनी सोडू नये.

मराठीला हा पेच नवा नाही. अभंगाच्या शेवटी चोखोबा, जनाबाई, तुकोबा आपलं नाव घालतात. शाहीरही शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव सांगतो, कधी गुरूचं आणि गावाचंही. अंधेरीचा रॅपर डिव्हाइन आपल्या पिनकोडमधले शेवटचे दोन आकडे, ५९, बिरुदासारखे मिरवतो, ते याच सवयीचं आजचं रूप. चोखोबांचं देवळाच्या पायरीबाहेर उभं राहणं बाजूला ठेवून त्यांचा अभंग वाचताच येत नाही. तिथे नाव, जात, गाव आणि शब्द एकमेकांत पुरते मिसळलेले आहेत.

पण त्याच मराठीत लावणीही आहे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ब्राह्मण घर सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. १८६६ ते १९४५ हा त्यांचा काळ. त्यांच्या लावण्यांत बोलणारी कितीदा तरी बाई असते. तिची हौस, तिचा रुसवा, तिची तक्रार. त्यांना कोणी ढोंगी म्हटलं नाही. लिहिणारा पुरुष आहे, गाणारी त्यांच्या तमाशातली पवळा आहे आणि लावणीतली नार हे एक सोंग आहे, हे कनातीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सोंग उघड असलं की त्यात फसवणूक राहत नाही. रॅपनं सुरुवातीपासून वेगळा करार केला. इथे गाण्यातला ‘मी’ म्हणजे माइक धरलेला माणूसच, असं ऐकणारा धरून चालतो. म्हणून लावणीला लावलेलं माप रॅपला जसंच्या तसं लागू होत नाही.

हा करार मोडल्यावर काय होतं, हे अमेरिकेनं १९९०मध्ये पाहिलं. व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरचं ‘आइस आइस बेबी’ तिथल्या मुख्य लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. तिथवर गेलेलं ते पहिलं रॅप गाणं. मायामीच्या खडतर वस्तीत गेलेल्या तारुण्याची त्याची कहाणी तेव्हा छापून येत होती. डॅलसच्या वृत्तपत्रानं शोध घेतला तेव्हा तो त्याच शहराच्या सुखवस्तू उपनगरात वाढल्याचं निघालं. तो त्यातून कधी नीट सावरला नाही. उलट बीस्टी बॉइज हे न्यूयॉर्कच्या मध्यमवर्गीय घरातले गोरे तरुण. त्यांनी आपण वस्तीतले आहोत असा आव आणला नाही. त्यांच्या १९८६च्या अल्बमनं तिथला पहिला क्रमांक गाठला आणि हिप-हॉपच्या इतिहासात त्यांची जागा पक्की आहे. दोघंही गोरे, दोघंही वस्तीबाहेरचे. एकानं खोटं सांगितलं, दुसऱ्यांनी नाही.

रिक रॉसचं उदाहरण या सरळ हिशेबात बसत नाही. अमली पदार्थांच्या बादशहाचा थाट गाण्यांतून मिरवणारा हा रॅपर पूर्वी फ्लोरिडात तुरुंगाचा पहारेकरी होता, हे २००८मध्ये उघड झालं. त्यानं आधी नाकारलं, मग कबूल केलं. पुढच्याच वर्षी त्याचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. ऐकणाऱ्यांनी त्याच्या गाण्यांकडे सिनेमासारखं पाहायचं ठरवलं, असं म्हणता येईल. तसं ठरवायचा त्यांना हक्क आहे. पण ज्या मालाच्या धंद्यानं वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, त्याचा खोटा अभिमान विकून कमावलेलं यश खऱ्या रॅपचा दाखला होत नाही. बाजारानं क्षमा केली म्हणून प्रश्न संपला, असं मानायचं कारण नाही.

सगळ्यात विचारात पाडणारी गोष्ट १९८२च्या ‘द मेसेज’ची आहे. ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांच्या नावावरचं हे गाणं. काळ्या वस्तीतलं जगणं किती कोंडणारं आहे हे सांगणाऱ्या रॅपचा उगम तिथे मानतात. त्याचा मोठा भाग लिहिला एड फ्लेचर या स्टुडिओतल्या वादकानं. तो रॅप जिथे जन्मलं त्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्सचा नव्हता, न्यू जर्सीचा होता. महाविद्यालयीन पदवीधर, पुढे अध्यापक झालेला. ज्यांच्या नावावर गाणं आलं, त्या ब्राँक्सच्या मंडळींना ते सुरुवातीला आवडलंच नव्हतं. लोकांना नाचायचं असतं, असलं रडगाणं कोण ऐकणार, अशी त्यांची शंका. शेवटी त्या चमूतला एकटा मेली मेल फ्लेचरबरोबर त्यावर गायला. म्हणजे वस्तीतल्यांना जे गावंसं वाटत नव्हतं ते शेजारच्या राज्यातल्या एका सुशिक्षित काळ्या तरुणानं लिहिलं, आणि वस्तीनं ते आपलं मानलं. फ्लेचर पत्त्यानं बाहेरचा होता, पण ज्या समाजाबद्दल लिहीत होता त्याच समाजाचा होता. घरादाराचा हिशेब असा पायरी-पायरीनं करावा लागतो. तो करायला वेळ लागतो, म्हणून लोक जन्मगाव विचारून मोकळे होतात.

इथे कोणी म्हणेल की मुळात रॅपच आपला नाही. ब्राँक्सच्या रस्त्यावरची चीज वणीच्या चौकात आणायचीच कशाला? कापसाचा इतिहास पाहिला तर हे अंतर वाटतं तेवढं नाही. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या काळ्या गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. आपली काळी जमीन पांढऱ्या सोन्याची झाली आणि सावकाराची तिजोरी भरू लागली ती तेव्हापासून. त्या कापसाच्या शेतांवरून मुक्त झालेल्यांची पुढची पिढी उत्तरेकडच्या शहरांत गेली, कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांना भेटली आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी १९७०च्या दशकात हिप-हॉप घडवलं. पऱ्हाटीत वाकून काम करणाऱ्यांची गाणी तिथेही होती, इथेही आहेत. वऱ्हाडी पोरानं हा ठेका उचलला तर त्याला उसनेपणाचा टोमणा मारणं अन्यायाचं आहे.

मुंबईत हा सगळा खेळ डोळ्यांसमोर घडला. कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, २०१४मध्ये आयपॅडवर ‘आफत’ तयार केलं. २०१५मध्ये तो आणि डिव्हाइन ‘मेरे गली में’ घेऊन आले. २०१९मध्ये झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ आला आणि त्यात रणवीर सिंगनं स्वतःच्या आवाजात रॅप केला. ‘अपना टाइम आएगा’चे शब्द डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांचे. इथे सोंग उघड होतं. पडद्यावरचा मुराद म्हणजे रणवीर नव्हे, हे सगळ्यांना कळत होतं आणि ज्यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतली त्यांची नावंही घेतली गेली. या सिनेमावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. त्यात गल्ली आली, पण गल्लीचा राग गाळून आला. जात जवळपास दिसत नाही. गल्लीतल्या रॅपरचे शब्द वापरूनही असं होतं. कथा कोणाच्या हातात आहे, यावर बरंच ठरतं.

यवतमाळकरांनी याच प्रश्नाचं याहून फार चांगलं उत्तर पाहिलेलं आहे, तेही रॅपमध्ये नव्हे, रंगमंचावर. जानेवारी २०१९मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरलं. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि त्याची लाज महाराष्ट्राला वाटली, वाटायलाच हवी होती. मग उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या पतीनं आत्महत्या केली होती. ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करत होत्या. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नीच त्यात आपली कहाणी मांडतात. लेखन श्याम पेठकर यांचं, दिग्दर्शन हरीश इथापे यांचं.

ही रचना बारकाईनं पाहावी अशी आहे. लिहिणारा त्या दुःखातून गेलेला नाही. दिग्दर्शकही नाही. पण त्यांनी ते दुःख स्वतःच्या तोंडी घेतलं नाही. ज्यांचं होतं त्यांचं ऐकलं, त्याला आकार दिला आणि माइक त्यांच्याच हातात ठेवला. वैशाली येडे बोलू लागल्या तेव्हा त्यांच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. तरी केवळ विधवा आहेत म्हणून त्या मंचावर शोभल्या, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. त्यांनी तालमी केल्या होत्या, मंच कमावला होता, आणि व्यवस्थेबद्दल काय म्हणायचं याचा विचार केला होता. अनुभव प्रत्येकीजवळ असतो. त्याचं भाषण, नाटक किंवा गाणं करायला कला लागते, आणि ती शिकावी लागते.

विजय तेंडुलकरांनीही असाच रस्ता धरला होता. नामदेव ढसाळांच्या १९७२च्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहायची होती तेव्हा ते ढसाळांबरोबर गोलपिठ्याच्या वस्तीत फिरले, शब्दांचे अर्थ विचारले आणि आपल्याला हे जग ठाऊक नव्हतं हे कबूल करून लिहिलं. बाहेरच्या माणसानं कसं वागावं याचा तो मराठीतला चांगला धडा आहे. आज ‘किसान रॅप’ नावानं व्हिडिओ करायला निघालेल्या प्रत्येकानं ती प्रस्तावना वाचावी.

आता आतल्या माणसाकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. ‘मी यवतमाळचा’ म्हणजे नेमका कुठला? पुसदजवळच्या गहुलीनं वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री दिला, जो १९६३ ते १९७५ राज्य चालवत होता. त्याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती नोंदली गेली आणि त्या दिवशी आजही राज्यभर अन्नत्याग केला जातो. दिग्रस-पुसदकडचे बंजारा तांडे घरात गोरमाटी बोलतात. पांढरकवडा, झरी, मारेगावकडे कोलाम आहेत, महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. वणीत कोळशाच्या खाणी आहेत. चाळीस एकर ओलिताच्या धन्याचा मुलगा, त्याच शेतात रोजानं जाणाऱ्या बाईची मुलगी आणि पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या पाड्यावरचा पोरगा असे तिघंही यवतमाळचेच. यातल्या एकानं माइक हातात घेऊन ‘आम्ही शेतकरी’ म्हटलं की बाकीचे दोघं आपोआप त्या ‘आम्ही’त येत नाहीत.

२०१७च्या पावसाळ्यात हे फार क्रूरपणे दिसलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी, कुठे त्याहून उंच वाढली होती. फवारा वर मारावा लागे आणि औषध वाऱ्यानं अंगावर येई. विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले, शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. यात मोठ्या संख्येनं शेतमजूर होते. पाठीवर पंप घेणारे दुसऱ्याच्या शेतात राबत होते. बातम्यांत सगळ्यांनाच शेतकरी म्हटलं गेलं आणि मजूर त्या नावाखाली झाकले गेले. या घटनेवर धन्याच्या मुलानं रॅप करायला काहीच हरकत नाही. पण पंप कोणाच्या पाठीवर होता हे त्यात यायला हवं. ते गाळलं, तर गाणारा जिल्ह्यातला असूनही गाणं खोटं ठरेल.

बायांचा प्रश्न तर याहून मोठा आहे. कापूस वेचतात त्या बहुतांश बाया. किलोमागे मजुरी, कमरेला बांधलेली ओटी, बोंडाच्या टोकांनी फाटलेली बोटं, हा सगळा त्यांचा अनुभव. आणि शेतीवरच्या गाण्यांत बोलतो तो बाप किंवा मुलगा. आई दारात उभी असते, रडायला. राज्यात मधुरा घाणे ही महादेव कोळी समाजातली तरुणी ‘माही जी’ नावानं आदिवासींच्या जगण्यावर मराठीत रॅप करते. तिच्या गाण्यात जंगल ऐकताना जाणवतं की इतके दिवस हा आवाज कुठे होता. घरादाराचं महत्त्व इथे आहे. जे आवाज पोहोचलेच नाहीत त्यांच्याजवळ असा तपशील असतो, जो दुसऱ्या कोणाला सुचणारच नाही.

खरं आणि बेगडी ओळखायचा सगळ्यात भरवशाचा मार्गही तपशीलच आहे. शेतकऱ्यावरच्या गाण्यांत ठरलेलं सामान असतं: भेगाळलेली जमीन, आभाळाकडे पाहणारा म्हातारा आणि झाडाला टांगलेला दोर. हे सामान मुंबईत बसून कोणीही जमवू शकतो आणि यवतमाळचा पोरगाही तेच वापरतो, कारण त्यानं ते दुसऱ्या व्हिडिओत पाहिलेलं असतं. इथली शेती अशी मरत नाही. ती मरते बोगस बियाण्याच्या थैलीत, दुबार पेरणीत, गुलाबी बोंडअळीनं आतून पोखरलेल्या बोंडात, खेडा खरेदीच्या काटामारीत. सरकारी खरेदीला ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२च्या पुढे माल परत पाठवला जातो. ट्रॅक्टरचं भाडं मात्र द्यावंच लागतं. सरकी डोबण्यापासून वेचणीच्या मुहूर्ताच्या सीतादहीपर्यंत आणि तिथून हंगाम संपवणाऱ्या उलंगवाडीपर्यंत कापसाचं एक अख्खं वर्ष असतं, त्यात हसणंही असतं, लग्नं ठरतात, जत्रा होतात. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्या गाण्यात दोर न येताही काळीज हलेल. शंकर बडे यांनी यवतमाळात बसून वऱ्हाडीत कविता लिहिल्या, सभा हसवल्या आणि हसवता हसवता घशात आवंढा आणला. दुःखाची जाहिरात न करता ते सांगता येतं, याचा नमुना जिल्ह्यातच आहे.

मरणाची अशी सवंग चित्रं घातकही असतात. ज्या घरात असं घडून गेलं आहे तिथली मुलं हे व्हिडिओ पाहत असतात. जिल्ह्यात जन्म झाला म्हणून कोणाला ती चित्रं विकण्याचा परवाना मिळत नाही.

मग घरादाराचा काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि सगळ्यात जास्त पडतो तो गाण्यानंतर. एप्रिल २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर राज्यातल्या सत्तांतराची खिल्ली उडवणाऱ्या रॅपमुळे गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईच्या उमेश खाडे यालाही अशाच गाण्यासाठी पोलिसांना सामोरं जावं लागलं. दोघांच्याही मागे कुठली कंपनी नव्हती, वकिलांची फौज नव्हती. तेच शब्द एखाद्या नामवंत नटानं सिनेमात म्हटले असते तर ते संवाद ठरले असते. ज्याला बोलण्याची किंमत मोजावी लागते त्याच्या शब्दाला वजन येतं, ते अशा ठिकाणी. व्यवस्थेविरुद्ध गाणारा कुठून आला यापेक्षा, गाऊन झाल्यावर त्याला परत कुठे जायचं आहे, हे पाहिलं पाहिजे. तो मुंबईच्या विमानात बसणार की त्याच गावात, त्याच ठाण्याच्या हद्दीत झोपणार?

दुसरा फरक नाव आणि पैशाचा. २०२१मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणं जगभर गाजलं. त्यात अरिवू या दलित रॅपरनं आपल्या आजीच्या पिढीचं, चहामळ्यांवर राबलेल्या भूमिहीनांचं जगणं आणलं. पुढे ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर त्याच्या सहगायिकेला जागा मिळाली, त्याला नाही. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि गदारोळ झाल्यावर अरिवूसाठी वेगळं मुखपृष्ठ निघालं. ज्याच्या घरची गोष्ट, तोच कोपऱ्यात. ‘स्वदेसी’नं २०१९मध्ये आरेच्या जंगलासाठी केलेल्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये याच्या उलट केलं. केलटीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात स्वतः गातात, त्यांचा आवाज पार्श्वभूमीला टाकलेला नाही. रॅप करणारा एमसी मवाली वारली नाही, आणि तसा आवही तो आणत नाही. बाहेरच्यानं गाणं करायचं तर ते असं करता येतं.

उरला पैसेवाल्या झालेल्या रॅपरचा मुद्दा. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन २०२३मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला, गळ्यात महागडी साखळी, पायात महागडे बूट. लगेच सूर निघाला की आता तो वस्तीचा राहिला नाही. गरीब घरातल्या कलाकारानं खरं राहण्यासाठी गरीबच राहावं, ही मागणी निर्दय आहे. ती मध्यमवर्गीय गायकाकडे कोणी करत नाही. गाण्यात त्यानं आजचं आयुष्य खरं सांगावं, एवढंच मागता येतं. फ्लॅटमध्ये राहून अजून पत्र्याखाली झोपत असल्याचं गायलं, तर मात्र त्याला जाब विचारावा.

यवतमाळमध्ये येत्या काळात हे सगळं घडणार आहे. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत रॅप येईल, निवडणुकांत पक्ष भाडोत्री रॅपर आणतील, पुण्या-मुंबईचे चमू पांढऱ्या फुललेल्या शेतात चित्रीकरणाला येतील. तेव्हा जिल्ह्यातल्या श्रोत्यांनी आणि आयोजकांनी गाणाऱ्याचा जन्मदाखला मागत बसू नये. शब्द कोणी लिहिले त्याचं नाव मंचावरून घ्यायला लावावं. ज्या घराची कहाणी गाण्यात आहे त्या घराला चित्रीकरणाआधी गाणं ऐकवलं का, आणि त्यांनी नको म्हटलेलं कडवं काढलं का, हे विचारावं. शेतात उभ्या केलेल्या वेचणाऱ्या बायांना त्या दिवसाची मजुरी मिळाली का, हेही विचारावं. आणि गाण्यावरून उद्या कोणा पोरावर गुन्हा दाखल झाला, तर त्याच्या गाण्याला टाळ्या देणाऱ्यांपैकी काही जणांनी तरी त्याच्या जामिनासाठी न्यायालयात उभं राहावं.